गळून पडलेलं शिंग

१

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता झाडलोट करणाऱ्या छबूबाईने शेडचं शटर वर केलं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी गेरूचा डबा सांडला आहे. फडकं आणायला ती वळली आणि मग तिला बूट दिसले. बुटांच्या वर समर्थ केळुसकर होता. बारा फूट रुंद शिंगांच्या फायबरच्या हरणाला टेकून बसलेला, डोळे उघडे. एक भोक छातीत, एक मानेत. पांढऱ्या चौथऱ्यावर रक्त वाळून काळं पडलं होतं.

छबूबाई किंचाळली ती तळवड्याच्या नाक्यापर्यंत ऐकू गेली म्हणतात.

शेड ज्योतीरामशेठची. चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला आत वळलं की उजवीकडे. तिथे फायबरचे प्राणी बनायचे. यंदा मोठं काम होतं: एका नव्या उद्यानासाठी पृथ्वीवरून नामशेष झालेली नऊ हरणं. कुणाची शिंगं झुडपासारखी फुटलेली, कुणी कुत्र्याएवढं बुटकं, आणि सगळ्यांत पुढे तो बारा फुटी शिंगांचा राक्षस. हरणं हुबेहूब व्हावीत म्हणून जीवाश्मांचा अभ्यासक समर्थ चार महिने इथे ठाण मांडून होता. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. अकराला हत्यारांची पूजा झाली, एकला सगळे पेढे घेऊन घरी गेले. समर्थ मागे थांबला आणि दोन ते चारच्या दरम्यान कुणीतरी त्याला भोसकलं.

पोलीस येईपर्यंत झेंडूच्या माळा घेऊन आलेली पंधरा-वीस माणसं फाटकाशी जमली होती. शेजारच्या गाळ्याचा वॉचमन बोलून गेला, "काल तीनला तो धम्मा परत आला होता."

तेवढ्यात शेडमध्ये फायबर ओतणारा धम्मरत्न गाडीवरून आलाच. धम्मचक्र दिनाचे पांढरेशुभ्र कपडे, वाटेत कामावर डोकावून जावं म्हणून. साप साप म्हणून भुई धोपटावी तशी माणसं त्याच्यावर तुटून पडली. पाइप होता, फळी होती, बुटांना तर तोटाच नव्हता. "डबा विसरलो होतो" एवढंच तो म्हणू शकला, कारण पुढच्या फटक्याला त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. उजव्या हाताची तीन बोटं कुणीतरी टाचेखाली रगडली. शेवटी ज्योतीरामशेठ मध्ये पडले, पोराच्या अंगावर आडवे झाले.

"मारू नका रं! कामावरचं पोरगं हाय माजं त्ये!"

पोलिसांनी धम्मरत्नला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि खाटेशी शिपाई बसवला. त्याच्या हत्यारपेटीत एक लांब टोचा सापडला, पुसून लख्ख. पूजेच्या टेबलावरच्या प्रत्येक हत्यारावर हळदकुंकू होतं. यावर नव्हतं.

२

टोचा ओळखायला धम्मरत्नच्या आईला शेडच्या ऑफिसात बोलावलं.

आम्रपाली ओव्हाळ, वय अठ्ठावन्न, रहाटणीला राहणारी. चाकणच्या एका गाडीच्या पार्टांच्या कंपनीत सत्तावीस वर्षं तपासणी टेबलावर होती. डाव्या दाराचा तुकडा उजव्याच्या खोक्यात गेला, असं तिच्या टेबलावरून एकदाही झालं नाही. निवृत्त झाली तरी पर्समध्ये जाडी मोजायचं व्हर्नियर असायचं. भाजीवालीने काकडी जाड म्हटली तर ही मोजून दाखवेल, असं गल्लीत म्हणायचे.

ती दवाखान्यातूनच आली होती. पोराचं तोंड तारेने बांधलेलं, डोळा सुजून मिटलेला. बोलता येत नव्हतं, लिहायला हात चालत नव्हता.

सहायक निरीक्षक निशिगंधा शितोळे चाळिशीची, उभ्या उभ्या चहा पिणारी. तिने पिशवीतला टोचा पुढे धरला.

"ओळखता?"

"माझ्या पोराचा आहे."

"त्यावर कुंकू नाही. रक्त पुसताना तेही गेलं."

"कुंकू नव्हतंच मॅडम. आमच्याकडे हत्यारं पूजेला मांडत नाहीत. त्याची पेटी दरवर्षी कोपऱ्यात असते, कुणालाही विचारा."

"विचारलं. असते. पण केळुसकरांकडचं सांबराचं खरं शिंगही गायब आहे. वनखात्याकडून परवानगीने आणलेलं, नमुना म्हणून. तुमचा मुलगा ते चोरायला आला, केळुसकर आडवे आले, असं आमचं म्हणणं आहे."

आम्रपालीने व्हर्नियर काढलं.  पिशवीवरूनच तिने टोचा मोजला: सहा मिलिमीटर. मग म्हणाली, "जखम किती?"

निशिगंधाने दुसरी पिशवी काढली. समर्थच्या छातीवरच्या खिशातली चाळीस पानी वही. पहिला वार वहीतून आरपार गेला होता. पानोपानी हरणांची चित्रं, खाली कोण कधी नामशेष झालं त्याच्या नोंदी आणि प्रत्येक हरणाच्या अंगात तेच एक भोक.

आम्रपालीने भोक मोजलं. एका बाजूने तेवीस, दुसऱ्या बाजूने एकोणीस. अंड्यासारखं.

"मॅडम, सहाच्या टोच्याने तेवीसचं भोक पडत नाही. कितीही हलवा, कडा फाटेल. ही कडा स्वच्छ आहे."

निशिगंधाने चहाचा कप खाली ठेवला.

"मग कशाने पडलं?"

"ते कळलं की माझा पोरगा सुटेल," आम्रपाली म्हणाली. "नाही कळलं, तर माझी मोजदाद कुणी ऐकणार नाही."

बाहेर ट्रेलर मागे येत असल्याचा भोंगा वाजला. हरणं चार वाजता उद्यानाकडे निघणार होती. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं, वरून फोन आले होते, आणि पोलिसांचा पंचनामा तर आटोपला होता. घड्याळात दीड वाजला होता.

३

ज्योतीरामशेठ तिला स्वतः शेड दाखवायला आले. पुनावळ्याचे जुने रहिवासी. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि शेठ आधी मांडववाले, मग कारखानदार झाले. सदऱ्यावर अजून धम्मरत्नचं रक्त होतं.

"ताई, वकील मी देतो. पोरगं गुणाचं हाय, राग आला आसंल. समर्थसर बी लई तोंडाळ. परवा कारागीर नवनाथनं केलेलं शिंग सगळ्यांदेखत फोडलं त्यांनी."

"का?"

"एक टोक जास्ती झालं म्हून! मेलेल्या हरणाचं टोक कोण मोजतंय?"

मोजणारी माणसं असतात, हे आम्रपालीने सांगितलं नाही. ती पूजेच्या टेबलाकडे पाहत होती. पटाशा, हातोडे, ग्राइंडर, करवती, सगळं ओळीने. झेंडूच्या पाकळ्या हत्यारांवर जशा टाकल्या तशाच सुकलेल्या. एकही हललेली नव्हती. आणि हे टेबल समर्थ पडला तिथून चार पावलांवर.

"पूजा कुणी केली शेठ?"

"मीच. पिढीजात चालत आलंया. नवमीला मांडलं की दसऱ्यापत्तुर हत्याराला हात लावायचा न्हाई. लावला तर घरावर येतं." शेठ पुढे झाले. "ही हरणं बघा. ह्ये सांबराच्या घराण्यातलं, नर्मदेकाठी हाडं घावली म्हनं. दरसाल शिंगं गळत्यात आन् नवी फुटत्यात, ते दावलंय. डावं शिंग गळालेलं हाय बघा."

हरीण त्यांच्याकडे तोंड करून उभं होतं. डोक्यावर एकच शिंग, तीन फाट्यांचं. दुसऱ्या जागी लालसर खोबण. गळून पडलेलं शिंग पुढ्यातल्या खोट्या गवतात टाकलेलं.

"तुम्ही काल किती वाजता गेलात?"

"दीडला. घरी पाव्हणं होतं." शेठनी डोळे पुसले. "चारला माल भरतो ताई. धंद्याला सुतक न्हाई."

४

रंगकाम करणारी विजयश्री मागच्या ओट्यावर बसली होती. पूर्वी दिव्यांच्या कंपनीत होती, आता हरणांच्या अंगावर केस रंगवायची. रडून तिचा आवाज बसला होता.

"धम्मादादा असं करणार नाही हो मावशी. त्याचा डबा इथे ओट्यावरच असतो, तो घ्यायला आत जावंच लागत नाही. पण सरांना काल काहीतरी झालं होतं खरं. पूजेनंतर ते त्या जमिनीवरच्या शिंगापुढे गुडघे टेकून बसले. भिंगातून त्याचं बूड बघत होते. उठले ते पांढरेफटक. मला म्हणाले, विजयश्री, आपण मेलेल्या हरणांचं स्मारक बांधतोय आणि इथे जिवंत मारतायत."

"मग?"

"मग नवनाथदादाला हाक मारली. आम्ही निघालो."

नवनाथ साचे करायचा. मूळचा परभणीकडचा, बारा वर्षं बंपरच्या कंपनीत काढलेली. दांडगा, घुमा. उजव्या हातावर कोपरापर्यंत ताजी खरचट होती. आम्रपालीला पाहताच तो उठून जाऊ लागला.

"बस," ती म्हणाली. "हाताला काय लागलं?"

"फायबर लागलं. रोजच लागतंय."

"समर्थने तुझं शिंग फोडलं होतं."

"फोडलं. म्या दुसरं केलं. त्यापायी माणूस मारायलोय का म्या?"

"त्या सांबराचं सांग. कुठलं शिंग गळालेलं आहे?"

"उजवं. डावं डोक्यावर हाय." बारा वर्षं बंपर केलेला माणूस, तो बोट न दाखवताच बोलला.

"खरं शिंग वनखात्याचं, ते कुठलं होतं?"

"डावं. आपोआप गळालेलं. त्यावरनं डावा साचा काढला."

"आणि उजवा कशावरून काढला?"

नवनाथ हाताची खरचट चोळू लागला.

"उजवा साचा कुठे आहे नवनाथ?"

"फुटला."

"दाखव तुकडे."

तो ताडकन उठला, बाजूचा, फायबर ओतायच्या रेझिनचा डबा लाथेने उडवला आणि ओरडला, "मला लेकरं हायेत! राहायला शेठच्या चाळीत हाव आमी! सगळे माझ्याच उरावर का बसायलेत?" आणि मागच्या दाराने निघून गेला.

विजयश्रीने तोंडावर हात घेतला. "तोच असेल का हो?"

आम्रपाली आत गेली, गवतात पडलेल्या शिंगापाशी. साडेतीन वाजले होते. ट्रेलरवर पाच हरणं चढली होती. बारा फुटी राक्षस साखळीच्या पुलीला टांगून हवेत लोंबत होता.

तिने शिंग हाताने उचललं नाही, नुसतं पेनने वाजवलं. मग डोक्यावरचं वाजवलं. डोक्यावरचं पोकळ बोललं. जमिनीवरचं बोललं नाही.

५

"माल खाली घ्या," आम्रपाली म्हणाली. निशिगंधा तिच्या शेजारी उभी होती. "तुम्ही शोधताय ते शिंग इथे आहे मॅडम. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

ज्योतीरामशेठ हसले. "ताई, त्ये फायबरचं हाय. धम्मानंच वतलंय."

"धम्माने ओतलेलं पोकळ असतं. हे हाड आहे, वर घाईत रंग फासलाय. आणि बाजू बघा. शिंगाचा पहिला फाटा पुढे येतो आणि बाक बाहेरच्या अंगाला जातो. त्यावरून डावं-उजवं कळतं. या हरणाचं उजवं गळालंय. खाली उजवं हवं. पण खाली डावंच पडलंय. एका हरणाला दोन डावी शिंगं."

माल भरणारे ट्रेलरवरून खाली उतरून आले.

"ही चूक माझा पोरगा करणार नाही. दोन्ही शिंगं त्याने ओतली. नवनाथने साचे केले, तो डावं-उजवं झोपेत सांगेल. विजयश्रीने दोन्ही रंगवली. गाडीच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात, डावं म्हणजे गाडीत बसणाऱ्याचं डावं, समोर उभ्या असलेल्याचं नाही. इथे हरणाचं. हरणासमोर उभं राहून आपल्या डाव्या हाताकडे बघत 'डावं गळालंय' म्हणणारा माणूस या शेडमध्ये एकच भेटला." ती वळली. "मांडववाल्याला समोरूनच बघायची सवय असते, शेठ."

"येवढ्यावरनं?" शेठचं हसू जागेवरच होतं.

"आणखी आहे. मारणारा रागाने पेटला होता, चार पावलांवर पंचवीस हत्यारं होती, पण एका हत्यारावरची पाकळी हलली नाही. कोपऱ्यातली पेटी ज्याची, त्याने तिच्यातलंच उचललं असतं. माणसाला भोसकायला हात धजला, पण देवापुढची पटाशी उचलायला धजला नाही. म्हणून जुळवून बघायला समर्थने हातात घेतलेलं खरं शिंगच हिसकावलं."

"पण फायबरचं उजवं शिंग काढलं कशाला?" निशिगंधाने विचारलं. "रक्ताचं शिंग कुठेही फेकता आलं असतं."

"कारण ते फायबरचं उजवं शिंगच चहाडी करत होतं. समर्थच्या वहीत लिहिलंय, आपोआप गळतं त्या शिंगाचं बूड गोल, फुगीर असतं. मारून कापलेल्याला खाली कवटीचं हाड राहतं, करवतीची रेघ राहते. साचा सगळं उचलतो. समर्थने काल भिंगातून तेच पाहिलं. उजव्या शिंगासाठी कुणीतरी जिवंत सांबर मारलं होतं. म्हणून ते काढलं, आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे हेच रंगवून ठेवलं. ते शिंग नवनाथला कुणी आणून दिलं, तेवढं त्याने सांगावं."

मागच्या दारात नवनाथ उभा होता. छातीशी गोधडीत गुंडाळलेला साचा. खरचटलेल्या हाताने त्याने गोधडी सोडली. साच्याच्या तळाशी करवतीची सरळ रेघ उलटी उमटली होती.

"शेठनं दिलं," तो म्हणाला. "भीमाशंकरच्या रानातलं. सर म्हणाले, साचा दे, तक्रार करतो. म्या भिऊन घेऊन पळालो. सर आन् शेठ दोघंच मागं राहिले."

६

शेठच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं नाही, नुसतं वाकडं झालं.

"माज्या आज्यानं मारली, बापानं मारली! साबरशिंग औषदाला उगाळून गाव वाचवलं आमी! आन् ह्यो कालचा पोर मला जेलात घालनार व्हय?"

खाली वाकून त्याने तेच शिंग उचललं. निशिगंधाचा हात कमरेकडे जाईपर्यंत तो आम्रपालीवर येऊन पोचला होता. पहिला वार तिने पर्सवर घेतला. दुसरा खांद्यात शिरला. मांस फाटल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला आणि दुखलं मागाहून. ती चौथऱ्यावर कोसळली, काल समर्थ होता अगदी तिथेच. शिंग तिसऱ्यांदा वर गेलं. ती किंचाळली नाही. फाट्याच्या टोकापासून चार बोटांवर रंगाखाली वाळल्या रक्ताचं काळपट कडं होतं, तेवढं तिला दिसलं.

नवनाथने साचा टाकला आणि पुलीची साखळी सोडली.

साडेसात हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेलं जनावर सव्वादोनशे किलोंनी खाली आलं. एक शिंग शेठच्या पाठीत बसलं, बरगड्या वाळक्या काटक्यांसारख्या मोडल्या. दुसऱ्याने त्याला जमिनीशी खिळवून धरलं. आम्रपाली चौथऱ्याच्या कडेला लोळली म्हणून वाचली. तो तिथे गुरासारखा ओरडत राहिला, आणि सकाळी फळ्या घेऊन धावलेल्यांपैकी एकालाही पुढे यायचं सुचलं नाही.

निशिगंधाने हातमोजे घातले आणि शिंगाचा फाटा वहीच्या भोकात हलकेच घातला. चार बोटांवरच्या कड्यापाशी तो अडकला. तसूभर पुढे नाही, तसूभर मागे नाही.

"तेवीस बाय एकोणीस," आम्रपाली जमिनीवरून म्हणाली.

शेठच्या शेतघरात रात्री कवटीच्या तुकड्यासकट खरं उजवं शिंग मिळालं. मागच्या खड्ड्यात फायबरचं जाळलेलं सापडलं. रेझिन जळून गेलं होतं आणि काचेची जाळी शिंगाच्या आकारात तशीच उभी होती. फायबर असं संपत नाही, हे फायबरच्या मालकाला ठाऊक नव्हतं.

७

तिसऱ्या दिवशी खाटेजवळचा शिपाई उठून गेला. आम्रपाली खांद्याला टाके घेऊन पोराच्या उशाशी बसली होती. तिने सगळं सांगितलं. धम्मरत्न एका डोळ्याने ऐकत होता. मग त्याने खुणेने पाटी मागितली आणि डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं.

*आधी काय मोजलंस? भोक की टोचा?*

 खोटं बोलणं सोपं होतं. दवाखान्यात सगळेच बोलतात. पण सत्तावीस वर्षांत तिने एकही संशयाचा तुकडा पास केला नव्हता.

"टोचा," ती म्हणाली. "टोचाच आधी मोजला रे. हातात घेतला तेव्हा क्षणभर वाटलं, तूच असलास तर? आई असून वाटलं."

धम्मरत्नने भिंतीकडे तोंड केलं. कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी खडखडत गेली, परत आली, तरी तो वळला नाही. आम्रपालीला वाटलं, पोरगा सुटला खरा, पण आपल्या हातून गेला.

मग त्याने पाटी पुसली. पुन्हा लिहायला वेळ लागला.

*मीही टोचाच मोजला असता. आता हे मोज. बोटं सरळ बसलीत का बघ. उजवं शिंग नव्याने ओतायचंय, बूड गोल ठेवून.*

आणि पट्ट्या बांधलेली तीन बोटं त्याने तिच्यापुढे धरली.

तिने व्हर्नियर काढलं, बोटाला हलकेच लावलं आणि वाकून आकड्याकडे पाहिलं. पुसून पुन्हा पाहिलं. डोळ्यांतलं पाणी खळेना, आणि आकडा काही दिसेना.